बीरमधलं बिऱ्हाड

१२ नोव्हेंबर, पुणे स्टेशन

जीएसटीचं काम करणाऱ्याचा महिना तारखांवर चालतो. सातला टीडीएसचा, म्हणजे आधीच कापून ठेवलेल्या कराचा भरणा, अकराला जीएसटीआर-१ ही विक्रीची रिटर्न, पंधराला कामगारांचे पीएफ आणि ईएसआय, वीसला ३बी, म्हणजे महिन्याचा जीएसटी भरायची रिटर्न. सिंहगड रोडवरच्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत बसून मी छोट्या व्यावसायिकांची खाती बघते. भोरचं हार्डवेअरचं दुकान, नऱ्ह्यातली दोन वर्कशॉप, एक केटरर, हडपसरची एक रोपवाटिका. या धंद्यात सलग पंधरा दिवसांची रजा मिळत नाही. पण सगळं काम लॅपटॉपवर, बिलं क्लाउडवर आणि पार्ट्यांशी बोलणं फोनवर. तेव्हा कामासकट दुसरीकडे राहायला जावं, हे बरेच दिवस मनात होतं.

घरून काम करणारी बाई म्हणजे घरी असलेली बाई, असं सगळेच धरून चालतात. सिलिंडर, कुरियर, पाण्याचा टँकर, शेजारच्यांची किल्ली, मुलीचा विसरलेला डबा. यात कुणाचा दोष नाही. पण सकाळी दहा ते दुपारी दोन हे तास सलग माझे, असं कधी झालं नव्हतं. डोंगर तर हवे होतेच, त्याहून जास्त ते चार तास हवे होते.

हिमाचलच्या कांगडा जिल्ह्यातलं बीर निवडलं, कारण तिथे अशी घरं आहेत: प्रत्येकाला खोली आपली, स्वयंपाकघर सगळ्यांचं आणि काम करायला एक वेगळा दालनासारखा हॉल. याला को-लिव्हिंग म्हणतात. पैसे भरण्याआधी मी काही प्रश्न लिहून पाठवले. अपलोडचा वेग किती? वीज गेली तर राउटर इन्व्हर्टरवर चालतो का? इंटरनेटची दुसरी लाइन आहे का, आणि ती वेगळ्या कंपनीची आहे का? खुर्चीला पाठ आहे का? गल्लीत रात्री दिवा असतो का? रात्री घरात जबाबदार माणूस कोण असतं? उत्तरं मुद्देसूद आली, टेबल-खुर्चीचा व्हिडिओही आला. एकट्या निघणाऱ्या बाईने असे प्रश्न विचारताना अजिबात संकोच करू नये. नीट उत्तर देणारं घर बहुधा नीट चालवलेलंही असतं.

अकराची रिटर्न भरून झाली आणि आज संध्याकाळी झेलम एक्स्प्रेसमध्ये बसले. सासूबाईंनी डिंकाचे लाडू दिलेत, नवऱ्याने इन्व्हर्टरवरही चालेल असा छोटा टेबल लॅम्प. मुलगी म्हणाली, "आई, फोटो रोज पाठव, पण कामाच्या वेळात नको." तिला सगळं कळलेलं होतं.

१३ नोव्हेंबर, गाडीत

झेलम ही फौजेची गाडी. माझ्या डब्यातले निम्मे प्रवासी सुट्टी संपवून परत निघालेले जवान होते. खटाव तालुक्यातल्या एकाने माझी बॅग वरच्या फळीवर चढवली. "ताई, एकट्याच? पठाणकोटला पहाटे बाहेर पडू नका, उजाडेपर्यंत स्टेशनातच बसा," असं त्याने दोनदा बजावलं. शेजारी जालंधरचं एक वयस्क जोडपं होतं. मी महाराष्ट्रातली हे कळताच आजोबांनी हात जोडले आणि म्हणाले, "नामदेवजी के देस से!" गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला संत नामदेवांचं वास्तव्य झालं, त्यांची पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, हे वाचून माहीत होतं. २०१५ चं मराठी साहित्य संमेलनही घुमानलाच भरलं होतं. पण पंजाबातल्या एका माणसाने भर डब्यात त्या नात्याने मला आपलं म्हणावं, याने मन भरून आलं. दिल्लीनंतर गार हवा खिडकीतून शिरायला लागली. शाल काढली.

१४ नोव्हेंबर, पठाणकोट ते बीर

कांगडा व्हॅलीची छोटी रेल्वे १९२९ मध्ये सुरू झाली. पठाणकोट ते जोगिंदरनगर १६४ किलोमीटर, रुळांमधलं अंतर जेमतेम ७६२ मिलिमीटर. जोगिंदरनगरच्या शानन जलविद्युत प्रकल्पाचं अवजड सामान वर चढवायला ती बांधली. तिने जायची इच्छा होती, पण २०२२ च्या पावसाळ्यात चक्की नदीवरचा पूल वाहून गेला होता, म्हणून मी बस धरली. नूरपूर, शाहपूर, नगरोटा. शाहपूरच्या अलीकडेच डावीकडे धौलाधारची पर्वतरांग दिसायला लागते आणि मग पालमपूरपर्यंत ती सोबत सोडत नाही. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला पायरीपायरीने चढत जाणारे डोंगर ठाऊक असतात. इथे शेतं संपतात आणि एकदम चार हजार मीटरच्या वरची भिंत उभी राहते, मध्ये तयारीला काही नाही.

बैजनाथहून टॅक्सी केली. दुपारी तीनला पोचले. घर गुनेहडच्या रस्त्याला, स्लेटच्या पाट्यांचं छप्पर असलेलं. खालच्या मजल्यावर मालकीणबाई राहतात, त्यांना सगळे भाभीजी म्हणतात. घर चालवणारा मुलगा मंडी जिल्ह्यातला आहे. त्याने आधी खोली दाखवली, मग लगेच राउटर, इन्व्हर्टर आणि दुसऱ्या लाइनचा डबा. फ्रिजमध्ये माझा एक कप्पा, मांडणीवर एक डबा. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि गोडा मसाला तिथे लावला आणि मग मला घरी आल्यासारखं वाटलं.

चौदा तारखेला २बी तयार होते, म्हणजे पार्ट्यांनी ज्यांच्याकडून माल घेतला त्यांनी बिलं दाखवली की नाही, ते कळतं. रात्री सगळ्या पार्ट्यांची २बी उतरवून घेतली. इंटरनेट सुरळीत चाललं, तेव्हाच झोप लागली.

१५ आणि १६ नोव्हेंबर

पंधराला पीएफची चलनं, सोळाला खरेदीची जुळवणी. दोन्ही दिवस मी बीर पाहिलंच नाही असं म्हणता येईल. तरीही बीरची ओळख याच दोन दिवसांत झाली.

हॉलमधलं माझं टेबल उत्तरेच्या खिडकीशी आहे. सकाळी खालून तिबेटी वसाहतीतल्या गोम्पाच्या, म्हणजे मठाच्या, लांब कर्ण्यांचा खर्जातला आवाज येतो. साडेनऊच्या सुमारास गावातून जीपा बिलिंगकडे, वरच्या उड्डाणाच्या जागेकडे चढायला लागतात, छतावर पॅराग्लायडरच्या पिशव्या रचलेल्या. दहानंतर वरच्या कड्यावर पहिली छत्री दिसते. ती नुसती खाली उतरत राहिली, तर हवा अजून थंड आहे. गोल घिरट्या घेत वर चढली, तर ऊन लागून उतारावरची हवा उठायला लागली आहे. दुसऱ्या दिवशी मला खिडकीतून हे वाचता यायला लागलं. दुपारी एकला शाळेतली मुलं गणवेशात खालच्या वाटेने जातात. साडेचारला उन्हाची सीमा आमच्या अंगणातून सरकते आणि तेव्हाच भाभीजी वाळत घातलेली मिरची उचलतात. साडेपाचला अंधार.

फिरायला आलेल्या माणसाला रोज नवीन जागा पाहायच्या असतात. मला एकाच खुर्चीत बसून राहणं भाग होतं, आणि त्या खुर्चीतून एका गावाचा दिवस सबंध दिसला.

घरातली माणसं हळूहळू कळताहेत. एक चेन्नईचा इंजिनिअर अमेरिकेच्या वेळेवर काम करतो, त्याचा नाश्ता आमच्या जेवणाच्या वेळी. एक कोलकात्याची मुलगी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. आणि एक इंदूरची मुलगी आहे, चार पिढ्या तिकडेच राहिलेल्या मराठी घरातली. तिने माझ्या डब्यावरचं 'मेतकूट' वाचलं आणि "ताई, आजी गेल्यानंतर हे पाहिलंच नव्हतं" म्हणाली. त्या रात्री मऊ भात, तूप आणि मेतकूट असं आमचं जेवण झालं. चेन्नईच्या मुलाने रस्सम केलं. दोन्ही एकत्र फार छान लागतं, करून बघा.

या घराची मला आवडलेली गोष्ट म्हणजे सोबत आहे, पण तिची सक्ती नाही. हॉलमध्ये कानाला हेडफोन असला की कुणी बोलत नाही. कॉलसाठी जिन्याखाली दार असलेली एक छोटी खोली आहे. जेवायच्या टेबलावर मात्र लॅपटॉप आणायचा नाही, हा नियम सगळे पाळतात.

१७ नोव्हेंबर, बैजनाथ

सकाळी लवकर कामाला बसले, दुपारी एकला आवरलं आणि बसने बैजनाथला गेले.

माझी आत्या दरवर्षी परळीच्या वैजनाथाला जाते. रावणाने शंकराला प्रसन्न करून लिंग मिळवलं आणि वाटेत ते जमिनीवर टेकलं, ही कथा तिच्याकडून लहानपणी कितीदा ऐकली होती. इथे पुजाऱ्यांनी तीच कथा आपल्या गावची म्हणून सांगितली. बैजनाथमध्ये दसऱ्याला रावण जाळत नाहीत. शिवाचा एवढा मोठा भक्त, त्याचा पुतळा देवळासमोर कसा जाळायचा?

देऊळ १२०४ मधलं, नागर शैलीतलं, आहुक आणि मन्युक या दोन व्यापारी भावांनी बांधलेलं. १९०५ च्या एप्रिलमध्ये कांगड्याला भूकंप झाला, सुमारे वीस हजार माणसं गेली, कांगड्याचं वज्रेश्वरीचं देऊळ कोसळलं. हे मात्र थोडी इजा होऊन उभं राहिलं. मंडपाच्या भिंतीत शारदा लिपीतले दोन लांब शिलालेख बसवलेले आहेत. मला ती लिपी वाचता येत नाही. पण त्यात राजाची वंशावळ आहे, देऊळ घडवणाऱ्या कारागिरांची नावं आहेत आणि देवळाला कुणी काय दिलं याचीही नोंद आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या जमाखर्चाच्या नोंदी ठेवणारी मी त्या दगडासमोर बराच वेळ उभी राहिले. आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी ठरवलं की देणाऱ्याचं नाव आणि दिलेली गोष्ट दगडात असली पाहिजे, तोंडी सांगणं पुरेसं नाही. माझ्या कामाबद्दल इतका अभिमान मला कुठल्याही कार्यालयात वाटला नव्हता.

देवळामागे खाली बिनवा नदी वाहते. पायऱ्यांवर उन्हात बसून शेवटचा डिंकाचा लाडू खाल्ला आणि परत फिरले.

१८ नोव्हेंबर

जुळवणीत एका वर्कशॉपची सहा बिलं २बीत सापडेनात. पुरवठादाराला फोन, त्याच्या हिशेबनिसाला फोन, पुन्हा पुरवठादाराला. चारला सुटले आणि चौंतड्याकडच्या रस्त्याने चालत निघाले. वाटेत मेंढरांचा कळप आला. गद्दी धनगर उन्हाळ्यात कळप घेऊन धौलाधारपलीकडे, बडा भंगालसारख्या उंच कुरणांवर जातात आणि थंडी पडायला लागली की थमसर खिंडीतून उतरून खालच्या टेकड्यांकडे जातात. पुढे एक म्हातारे बाबा, अंगात लोकरीचा चोळा, कमरेला लोकरीच्या दोरीचे कितीतरी वेढे. तो दोरा जाडजूड दिसतो, पण उबदार असतो आणि गरज पडली तर दोरखंड म्हणूनही कामी येतो, असं त्यांनीच सांगितलं. चोळ्याच्या पोटाशी नुकतंच जन्मलेलं कोकरू होतं.

आमच्याकडे पावसाळा संपला की फलटण-माणकडचे मेंढपाळ कोकणाकडे उतरतात. घाटात त्यांचे वाडे बघत मी मोठी झाले. मी ते बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वहाँ बर्फ नहीं, तो क्यों उतरते हैं?" चाऱ्यासाठी आणि खतासाठी शेतात मेंढरं बसवायला, म्हटलं. त्यांनी मान हलवली. ते समजावून सांगायची गरज पडली नाही.

१९ नोव्हेंबर

दिवसभर काम. संध्याकाळी आभाळ भरून आलं. रात्री तिबेटी वसाहतीत थेंतुक खाल्लं. हाताने तोडलेल्या कणकेच्या पातळ चकत्या आणि पालेभाजीचा गरम रस्सा. आपल्या वरणफळांशी त्याचं जवळचं नातं आहे.

२० नोव्हेंबर

रात्री पाऊस झाला. सकाळी पडदा सारला तर धौलाधार अर्ध्यापर्यंत पांढरी. सगळे अंगणात आले. भाभीजींनी चहा बाहेरच आणला. आणि साडेआठला वीज गेली. वरच्या बाजूला तारेवर झाड पडलं होतं.

३बीचा शेवटचा दिवस. एक दिवस उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. रक्कम छोटी असेल, पण पार्टीने माझ्यावर सोपवलेलं असतं की असं होणार नाही. बहुतेक रिटर्न आधीच भरून ठेवली होती, तीन राहिली होती. त्यात भोरचं दुकान होतं, कारण मालकांनी बँकेत पैसे आजच सकाळी टाकले होते.

मंडीच्या मुलाने सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. इन्व्हर्टर किती तास चालेल, त्यावर काय काय चालू आहे, आज कुणाचं काय अडलं आहे, हे त्याने एकेकाला विचारलं. मग ठरलं: गिझर, किटली, मोठे मॉनिटर बंद. राउटर आणि एक बोर्ड चालू, आणि त्या बोर्डावर आधी माझा लॅपटॉप. कोलकात्याच्या मुलीला रात्रीपर्यंत मुदत होती, तिने आपला बंदच केला आणि कागदावर काढत बसली. चेन्नईच्या मुलाने स्वतःची मोठी बॅटरी आणून माझ्या टेबलावर ठेवली आणि झोपायला गेला. अकराला पहिली लाइनही गेली. इंदूरच्या मुलीने तिचा फोन हॉटस्पॉट लावून माझ्याकडे ठेवला आणि स्वतः चार्जिंगसाठी बाजारात जनरेटरवाल्या दुकानात जाऊन बसली.

दोन रिटर्न साडेबाराला गेली. भोरच्या दुकानाचं चलन भरलं गेलं, आता फक्त सहीच्या जागी लागणारा ओटीपी हवा होता. तो मालकांच्या मोबाइलवर जातो आणि थोड्याच वेळात बाद होतो. मालक पुतण्याच्या लग्नात. फोन लागला तेव्हा मागे बँड वाजत होता. "वहिनी, काहीच ऐकू येईना!" मी मेसेज केला: आलेला आकडा फक्त टाइप करून पाठवा. त्यांनी अक्षता हातात धरून तो पाठवला असावा. रिटर्न दाखल झाल्याची पावती पडद्यावर आली, तेव्हा पावणेदोन वाजले होते.

मी मोठ्याने "झालं!" म्हटलं. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. कागदावर चित्र काढणाऱ्या मुलीने, स्वयंपाकाच्या दीदींनी, नुकत्याच उठून आलेल्या चेन्नईच्या मुलाने. ३बी म्हणजे काय, हे त्यांच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी दर महिन्याला हे काम संपवते आणि लगेच कुकर लावायला उठते. त्या टाळ्यांनी माझे डोळे भरून आले.

वीज रात्री आठला आली. तोपर्यंत चुलीभोवती बसून दीदींनी राजमा आणि भात केला. त्यांच्या भाच्याचं उद्या लग्न होतं. त्या म्हणाल्या, "अब आपका काम हो गया ना? तो धाम खाने आना ही है।"

२१ नोव्हेंबर, धाम

हा दिवस मी कधी विसरणार नाही.

धाम म्हणजे कांगड्यातली लग्नाकार्याची पंगत. स्वयंपाक करणाऱ्यांना बोटी म्हणतात, ते ब्राह्मण घराण्यांतले असतात आणि हे काम त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असतं. आम्ही सकाळी दहालाच पोचलो, मला स्वयंपाक बघायचा होता. अंगणात लांब चर खणला होता, त्यात लाकडं पेटत होती आणि वर पितळेची निमुळत्या गळ्याची मोठी भांडी ओळीने. बोटी अनवाणी, धोतरात. चण्याचा मदरा शिजत होता. तो दह्यात शिजवतात, कांदा-लसूण नाही, आणि दही फाटू नये म्हणून उकळी येईपर्यंत ढवळणारा माणूस हात थांबवत नाही. मी आमच्या केटररचे हिशेब बघते, हजार माणसांच्या जेवणाला गॅसची किती सिलिंडरं लागतात ते मला तोंडपाठ आहे. इथे जळणाचा, भांड्यांचा आणि माणसांचा सगळा अंदाज एका म्हाताऱ्या बोटीच्या डोक्यात होता. वजनकाटा कुठे दिसला नाही.

जेवायला जमिनीवर पट्ट्या अंथरलेल्या. पुढे टौरच्या पानांच्या पत्रावळी. आधी भात, आणि मग एकेक पदार्थ घेऊन वाढपी पंगतीतून फिरतो: मदरा, उडदाची डाळ, चिंच घातलेला आंबटगोड खट्टा, शेवटी गोड भात. एक पदार्थ सगळ्यांना वाढून होईपर्यंत दुसरा येत नाही. मधूनच कुणी उठायचं नाही, सगळी ओळ एकदम उठते. माझ्या माहेरी वाईला काकांच्या लग्नात अशा पंगती उठलेल्या मला आठवतात. आता आमच्याकडे ताट हातात घेऊन रांगेत उभं राहतात. इंदूरची मुलगी आयुष्यात पहिल्यांदा पंगतीत बसली होती. पत्रावळीतला पातळ पदार्थ भाताचं आळं करून कसा थोपवायचा, ते मी तिला दाखवलं.

दीदींनी मला ओळीतून उठवून बायकांच्या घोळक्यात नेलं आणि सगळ्यांना ओळख करून दिली. आपल्या घरी राहते, पुण्याची आहे, कालच हिचं मोठं काम झालं. त्यांनी मला पाहुणी म्हटलं नाही. गावात काम करणारी एक बाई म्हणून सांगितलं, आणि पुढचे प्रश्नही तसेच आले. किती पगार? कोण देतं? दुकानाचा जीएसटी नंबर काढायचा तर काय करायचं? लोकरीच्या शाली विणून विकणाऱ्या दोघी-तिघींना त्याची खरोखरच माहिती हवी होती. वर्षाला ४० लाखांच्या आत वस्तूंची विक्री असेल तर आपल्याच राज्यात विकायला नोंदणी लागत नाही, पण राज्याबाहेर माल पाठवायचा झाला तर नियम बदलतात आणि हस्तकलेच्या वस्तूंना त्यात काही सवलती आहेत, हे मी हिंदीत जमेल तसं सांगितलं. परत जाण्याआधी नीट बसून लिहून द्यायचं कबूल केलं.

२२ नोव्हेंबर

सकाळी दोन तास त्या शालवाल्या बायकांबरोबर. त्यांच्या वह्या पाहिल्या. विक्री तारखेवार लिहिलेली, लोकरीचा खर्च मात्र कुठेच नाही. वहीच्या उजव्या पानावर खर्चाचा रकाना आखून दिला.

दुपारी उडाले. बीरपासून चौदा किलोमीटर घाटरस्त्याने बिलिंग, सुमारे २,४०० मीटरवर. पॅराग्लायडिंगची विश्वचषक स्पर्धा २०१५ मध्ये इथेच झाली. वैमानिकाचा परवाना पाहायला मागितला, त्याने लगेच दाखवला. राखीव छत्री कुठे आहे तेही दाखवलं. मग उतारावरून धावायचं, आणि पायाखालची जमीन संपायच्या आधीच आपण अधांतरी. भीती पहिले काही क्षण. त्यानंतर मी खाली आमचं घर शोधलं. स्लेटचं छप्पर, मिरच्यांचा लाल चौकोन, आणि माझी खिडकी. आम्ही दोनदा घिरट्या घेत वर चढलो आणि हवा उठतेय हे मला वैमानिकाने सांगायच्या आधी कळलं. तो म्हणाला, "आपने पहले उड़ाया है?" मी म्हटलं, रोज टेबलावरून बघते.

२३ नोव्हेंबर

शेराबलिंगचा मठ, भट्टूजवळच्या चीडच्या, म्हणजे पाइनच्या जंगलात. १९७५ मध्ये ताई सितू रिंपोचे यांनी वसवलेला. इथल्या भिक्षूंच्या मंत्रपठणाच्या ध्वनिमुद्रणाला २००४ मध्ये ग्रॅमी मिळालं. आम्ही गेलो तेव्हा लहान भिक्षूंचं क्रिकेट चाललं होतं आणि चेन्नईच्या मुलाला त्यांनी अंपायर केलं. संध्याकाळी सामान आवरलं. उरलेला गोडा मसाला इंदूरच्या मुलीला दिला, मेतकुटाची कृती भिंतीवरच्या फळ्यावर लिहून ठेवली.

२४ नोव्हेंबर, पालमपूर

रात्रीची झेलम पठाणकोटहून होती, म्हणून पालमपूरला उतरून चहाच्या मळ्यांतून हिंडायला वेळ मिळाला. कांगड्यात चहा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात लावला गेला, चिनी जातीचा, छोट्या पानाचा. १९०५ च्या भूकंपात कारखाने आणि मळे उद्ध्वस्त झाले, अनेक मळेवाले सोडून गेले. त्यातून उरलेल्याला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२३ मध्ये युरोपीय संघाचंही. दूध न घालता प्यायचा चहा. दुकानातल्या बाईंनी आधी पान उकळत्या पाण्यात टाकायला मनाई केली, थोडं निवू द्या म्हणाल्या, आणि मग कपात ओतून दिला. सासूबाईंना आवडेल असा हलका, फुलासारख्या वासाचा.

घरासाठी, भोरच्या मालकांसाठी आणि केटररसाठी पुडे घेतले. बाई म्हणाल्या, हा शरद ऋतूतला आहे. सगळ्यात चांगला एप्रिलमध्ये, थंडीनंतरच्या पहिल्या तोडणीचा. तो यायच्या आधीच ओळखीचे लोक सांगून ठेवतात.

मी बसस्टँडवर बसून एप्रिलच्या तारखा पाहिल्या. मार्चच्या टीडीएसला त्या महिन्यात ३० तारखेपर्यंत मुदत असते, अकराला जीएसटीआर-१, वीसला ३बी. भाभीजींना फोन लावला आणि बारा एप्रिलपासून उत्तरेच्या खिडकीची जागा माझ्यासाठी राखून ठेवायला सांगितली. त्यांनी विचारलं, "बेटी को भी लाओगी?" तिची परीक्षा तोवर संपलेली असेल. दोन खाटांची खोली द्या, म्हटलं.